चाफ्याची फांदी

काल ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत माळ्याने चाफा छाटला. खाली पडलेली एक फांदी मी उचलली, तर पांढरा चीक बोटांना लागला आणि त्या हिरवट, कडसर वासाने मला थेट पाचगणीच्या स्वयंपाकघरात नेलं.

यांच्या नोकरीपायी आम्ही तेव्हा तिथे होतो. सासूबाई उरणजवळच्या मोऱ्याहून राहायला आल्या, त्या दारातल्या चाफ्याची फांदी घेऊनच. आठ दिवस त्यांनी चीक वाळू दिला, मग तेलाच्या जुन्या डब्यात ती लावली. थंडी कडाक्याची, म्हणून डबा ओट्यावर, शेगडीच्या उबेला. मला त्याची सारखी अडचण व्हायची.

"थंडी हाय, पान फुटाया येल लागंल. हलवू नको," त्या म्हणायच्या.

महिना झाला तरी पान फुटेना. एके दुपारी त्या झोपलेल्या असताना मी फांदी उपटून बघितली. खाली भिजलेल्या शेवयांसारखी पांढरी मुळं होती. ती माझ्या हातातच तुटली. मी फांदी तशीच परत खोचली आणि माती दाबली.

पंधरा दिवसांत ती काळी पडली.

"माझ्याच हाताला गुन नाय ऱ्हायला," सासूबाई म्हणाल्या. मोऱ्याला परतल्यावरही त्यांनी पुन्हा कधी काही लावलं नाही.

काल मी फांदी वाळत ठेवत होते, तेव्हा शेजारीण म्हणाली, "काकू, तुम्ही लावली म्हणजे जगणारच. हाताला गुण आहे तुमच्या."

मी काही बोलले नाही. तेव्हाही बोलले नव्हते.