मुहूर्ताचे साठ डबे

हार्डवेअर स्टार्टअपच्या खरेदी विभागात माल कधी वेळेवर येत नाही, किस्से मात्र न मागवता येतात! अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात पार्टांचं एक रॅक आहे. त्यात मावत नाहीत एवढे किस्से माझ्याकडे साठलेत. परवा जुन्या मैत्रिणी जमल्या आणि एकीने विचारलं, "तू तिथे नक्की करतेस तरी काय?" म्हटलं, बसा, सांगते.

आधी मी सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत पर्चेसला होते, चौदा वर्षं. सप्लायर माझ्या केबिनबाहेर बसायचे. मग निखिल नावाच्या तरुण इंजिनियरने गळ घातली. तो द्राक्षबागेसाठी एक डबा बनवत होता. डबा खांबाला लावायचा, पानं किती वेळ ओली राहिली ते तो मोबाइलवर सांगणार, आणि फवारणी खरंच लागणार का ते शेतकऱ्याला कळणार. मला कल्पना भयंकर आवडली. नोकरी सोडली. आता मी सप्लायरच्या केबिनबाहेर बसते!

*

रुजू झाले त्या दिवशी टेबलावर कुरियरचं खोकं होतं. निखिलने रेझिस्टर मागवले होते, तांदळाच्या दाण्याहून लहान पार्ट. हवे होते पाच. वेबसाइटवर त्याने पाच टाकले आणि आली पाच रिळं. एका रिळात पाच हजार!

"ताई, स्टॉक झाला," तो म्हणाला.

"स्टॉक? अरे, तुझ्या नातवंडांची लग्नं झाली तरी हे संपायचे नाहीत!"

पण मी ते पडून राहू दिले नाहीत. शेजारच्या गाळ्यातल्या सर्किटवाल्याला दोन रिळं दिली आणि बदल्यात आमच्या सगळ्या बोर्डांचं सोल्डरिंग करून घेतलं. पर्समध्ये हात न घालता केलेली माझी पहिली खरेदी!

*

कनेक्टरसाठी पुण्याच्या एका डीलरला फोन लावला.

"किती पाहिजेत मॅडम?"

"साठ."

"साठ हजार?"

"नाही हो. नुसते साठ."

मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, एवढे तर आमच्याकडे झाडताना सापडतात."

"मग झाडा की! मी लाइनवर थांबते."

चौथ्या दिवशी पाकीट आलं. आत बिल नव्हतं, बासष्ट कनेक्टर होते. वर पेनने लिहिलं होतं, "झाडून काढले."

*

हे साठ म्हणजे आमचा जीव होता. दिंडोरीचे तात्या तिथल्या बागायतदारांच्या गटाचे म्होरके. आमची पहिली आणि एकुलती एक ऑर्डर त्यांची. अटही एकच: "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी छाटणी सुरू हाय. त्याच्या आत साठ डबे बागेत दिसले तर तुमचे. नायतर राम राम." ती ऑर्डर गेली असती तर गाळ्याला कुलूप लागलं असतं. निखिलला ते माहीत होतं आणि मलाही.

बाकी सगळं जमलं, अडलं ते प्लास्टिकच्या डब्यांपाशी. डबे काढणार होते रफिकभाई. त्यांच्या मोल्डिंग मशीनपुढे मोठमोठ्या कंपन्यांची रांग, आम्ही शेवटून पहिले. मी रोज जाऊन बसायचे. चहा यायचा, डबे यायचे नाहीत.

खंडेनवमीला गेले तर मशीनला झेंडूचे हार, पुढे नारळ. ऑपरेटर मंडळींनी पूजा केलेली आणि रफिकभाई स्वतः पेढे वाटत होते.

"ताई, आज मशीनला हात लावायचा नाही. उद्या दसऱ्याचा मुहूर्त करू, परवापासून तुमचा नंबर बघू."

परवा म्हणजे आम्ही मेलोच!

"मुहूर्ताला कुणाचा माल काढता?" मी विचारलं.

"तोच तर लोचा आहे. मुहूर्ताचं काम दुपारच्या आत सुरू होऊन संपलं पाहिजे, पोरांचा रिवाज आहे. अर्धवट सोडायचं नाही. आणि ऑर्डरी बघा, वीस-वीस हजारांच्या! दरवर्षी चार प्लास्टिकचे मग काढतो नि गप बसतो."

"रफिकभाई, माझे साठच आहेत!"

ते बघतच राहिले. मग हसत सुटले. "अरे ताई, मग मुहूर्त तुमचाच!"

चौदा वर्षं मोठ्या ऑर्डरींचा रुबाब केला, पण कॉलर एवढी ताठ कधी झाली नव्हती.

*

दसऱ्याच्या सकाळी मशीन सुरू झालं आणि पहिला डबा बाहेर पडला. पिवळाधमक! मशीनमध्ये आधी काढलेल्या सेफ्टी हेल्मेटांचा पिवळा रंग उरला होता. रंग बदलायचा तर मशीन साफ करण्यात अर्धा दिवस जाणार आणि मुहूर्त टळणार. सोबत आलेल्या निखिलने महिनोन्‌महिने पानांचे फोटो काढून द्राक्षाचा हिरवा रंग ठरवला होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "काढा पिवळेच," मी म्हटलं.

दुपारी सगळ्यांनी मिळून आतली सर्किटं बसवली आणि रफिकभाईंच्या टेम्पोतून, त्यांच्यासकट, आम्ही दिंडोरीला निघालो.

तात्यांनी आम्हाला आपट्याची पानं दिली, एक डबा उचलला, खांबाला बांधला आणि ट्रॅक्टरला जोडलेला फवारणीचा ब्लोअर थेट त्याच्यावर सोडला. डबा न्हाऊन निघाला. मोबाइलवर अक्षरं उमटली: 'पान ओले'. उघडून पाहिलं तर आत थेंब नाही! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हिरवा दाखवला व्हता ना?" तात्यांनी डबा फिरवून पाहिला.

निखिलने खाली बघत मान डोलावली.

"लय भारी केलं! मागल्या साली दुसऱ्या एका कंपनीचे हिरवे डबे लावले व्हते. पानात दिसलेच नाय, निम्मे ट्रॅक्टरखाली गेले. हा पिवळा कोणाच्या डोक्यातला?"

निखिलने छाती पुढे काढली. "आमच्या रिसर्च टीमच्या!"

"मग टीमला सांगा, पलीकडच्या गावाला दोनशे पायजेत. पण हाच रंग!"

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी रफिकभाईंकडे. त्यांनी गंभीर चेहऱ्याने खिशातून फोन काढला.

"एक मिनिट तात्या. टीमला विचारतो, पुढची हेल्मेटं कधी काढायची आहेत!"