तीनची पाटी

शेवटच्या दिवशी आई नेहमीसारखीच टँकवरून आली. सत्तरीतही रोज हजार मीटर पोहणारी शालन. तिने ओला कॉस्च्युम दोरीवर टाकला, चहाचा एक घोट घेतला आणि लेकीला म्हणाली, "वृंदा, हा चहा आहे की पाक?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

आज पंधरावा दिवस. जेवणं आटोपल्यावर वृंदा आईच्या मेडलांचा डबा घेऊन गॅलरीत बसली आहे. कृष्णेच्या पात्रात पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या आईने फ्रीस्टाइलमध्ये राज्याची अकरा मेडलं मिळवली, बँकेतली नोकरीही त्यावरच लागली. बारावं मेडल का नाही, ते फक्त वृंदाला ठाऊक आहे. तिच्या पापण्या जड होतात.

कपड्यांची दोरी लांबत जाते. तिच्यावर टँकमधल्या लेनच्या दोरीसारखे लाल-पांढरे गोळे उगवतात. गॅलरीच्या फरशीवर निळं पाणी आहे, आणि आई त्यातून डोकं वर काढते.

"पेंगतेस काय? पाट्या घे."

आठशे मीटरला सोळा फेऱ्या. पोहणारीचं मोजणं चुकू नये म्हणून पलीकडच्या टोकाला कुणीतरी पाटी धरून उरलेल्या फेऱ्या दाखवतं. बाराव्या मेडलच्या शर्यतीत दहा वर्षांच्या वृंदाने तीनच्या जागी एकची पाटी धरली होती. सगळ्यांच्या पुढे असलेली आई एक फेरी मारून थांबली, टोपी काढून हसली, आणि बाकीच्या शेजारून निघून गेल्या. "माझंच मोजणं चुकलं," असं तिने पंचांना सांगितलं, घरी सांगितलं, जन्मभर सांगितलं. वृंदा गप्प राहिली.

"खिशात काय आहे?" आई विचारते.

"काही नाही."

"बोरं आहेत. तेव्हाही होती."

"तुला माहीत होतं?"

"मी गॉगल लावला होता गं. डोळ्यांना पट्टी नव्हती बांधली."

आई आता बँकेच्या काउंटरमागे बसली आहे. केसांतून पाणी पासबुकांवर ठिबकतंय. टॉवेल गुंडाळलेली माणसं शिस्तीत रांगेत उभी आहेत.

"टोकन नंबर तीन," आई पुकारते.

वृंदा पाट्या चाळते. एक. पुन्हा एक. रांगेतून कुणीतरी म्हणतं, "बाई, आवरा की, आम्हाला गारठा लागतोय." सगळ्यात खाली तीनची पाटी सापडते. ती वाकून पाण्यात धरते. पोहत आलेली आई वळते, तिच्या पायांचा फवारा वृंदाच्या तोंडावर येतो, आणि वृंदा तोल जाऊन आत पडते. काचेसारख्या पाण्यात आई समोर आहे. वृंदा बोलायला तोंड उघडते. नुसते बुडबुडे.

"पाण्यात बोलायचं नाही, कितीदा सांगितलं? वर जा, श्वास घे, मग बोल."

"तुला ऐकू येईल?"

"कानात पाणी आहे माझ्या. जरा मोठ्यानं बोल."

वृंदा डोळे उघडते. गॅलरीत ऊन आहे, मांडीवर डबा. तिच्या दहाही बोटांची टोकं सुरकुतली आहेत, तासभर पाण्यात राहिल्यासारखी. ती बोटं एकमेकांवर घासून पाहते. मग छाती भरून श्वास घेते आणि शेजारी ऐकतील याची पर्वा न करता मोठ्यानं म्हणते,

"आई, पाटी मी चुकीची धरली. तुझं मोजणं बरोबर होतं."