पाण्याच्या आधी कोण

जालन्यात मस्तगडच्या पलीकडं एक शिंदीचं दुकान होतं. पोलीस ॲक्शनच्या आठ-दहा वर्षं आधीची गोष्ट. दुकान कसलं, कुडाच्या भिंती, वर पत्रा, आत ओळीनं रांजण आणि पुढं लिंबाखाली सुंभाच्या चार बाजा. शहाणी माणसं नाक मुरडून पलीकडून जायची. जावोत बापडी. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस त्या लिंबाखाली गेले, आणि देवळात मला इतकं बरं कधी वाटलं नाही, हे मी उघड सांगतो.

दुकानदाराला सगळे मामा म्हणायचे. सरकारी हर्राजात, म्हणजे लिलावात, दुकान त्यानं घेतलेलं, पण वागणं असं की जणू आपणच त्याच्या घरी पाहुणे आलोय. शिंदी ताजी असली की आधी स्वतः चाखायचा, मान हलवायचा, मग लोटे भरायचा. सोबत फुटाणे आणि तिखट मिठाची मिरची. हमाल, कोष्टी, गाडीवान, मेंढरं विकून मोकळे झालेले धनगर, सगळे एकाच बाजेवर मांडीला मांडी लावून बसत. कोण कुणाचा, हे विचारायची तिथं पद्धत नव्हती.

बाजारच्या दिवशी दुपारी गाणं रंगायचं. कलगीवाले एका बाजूला, आम्ही तुरेवाले समोर. एकानं डफावर गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही तर डफ उपडा ठेवायचा. बरोबर जवाब आला तर हार सवाल टाकणाऱ्याची, मग डफ त्याचा उपडा. आणि उपड्या डफाचा माणूस पोळ्यापर्यंत त्या लिंबाखाली गात नसे.

मी कापसाच्या जिनात कामाला होतो आणि गळा बरा होता. माझ्यामागं झील धरायला धावडा गावचा एक गडी होता. जिनातच ओळख झालेली. मी ओळ सोडली की तो अशी उचलायचा की माझा श्वास त्याच्या छातीत आहे असं वाटे. झीलकऱ्याला सवाल-जवाब दोन्ही आधीच सांगावे लागतात, नाहीतर झील चुकते. म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही मागच्या अंगणात, मडकी धुवायच्या जागी, तालीम करायचो. मामानंच ती जागा दिली होती.

त्या उन्हाळ्यात मी एक सवाल बांधला. पृथ्वीच्या आधी पाणी, मग पाण्याच्या आधी कोण? पोथीवाले म्हणणार, तेज. माझा जवाब होता, तहान. जिनात सरकीच्या धुरळ्यानं घसा कोरडा पडला असताना सुचलेला. कुठल्याच पोथीत तो नव्हता. तो फक्त माझ्या आणि माझ्या झीलकऱ्याच्या पोटात होता.

समोर भोकरदनचा कलगीवाला होता. त्याच्या आधी सलग चार बाजार मी त्याच्याच बाजूचे चार शाहीर हरवले होते. मी सवाल टाकला. त्यानं डफ कानाशी नेला, थोडा हसला आणि सरळ गायला: तहान. नुसता शब्दच नाही, माझ्या जवाबाची अख्खी ओळ, माझ्याच चालीत. लिंबाखाली गलका उठला. मी डफ उपडा ठेवला आणि वळून झीलकऱ्याकडं पाहिलं. भरल्या दुकानात त्याला चोर म्हणालो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणालो. तो तुणतुणं बाजेवर ठेवून निघून गेला आणि पुढच्या आठवड्यात जिनही सोडलं.

मामानं तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, "घरातलाच फितूर झाला की लई लागतं, शाहीर. घ्या, थोडी घ्या." मी त्याच्या हातची शिंदी प्यालो आणि त्याच्या खांद्यावर रडलो. पुढं दोन वर्षं त्याच खांद्यावर रडत होतो.

मग एका दुपारी मामा रंगात आला होता. गिऱ्हाईक भरपूर होतं. बोलता बोलता म्हणाला, "तुमचा तो तहानेचा जवाब मीच दिल्ता भोकरदनवाल्याला. तुम्ही दर बाजारी जिंकून राह्यले, त्याच्या बाजूची माणसं यायची बंद झाल्ती. बरोबरीचा सामना पाह्यजे ना, शाहीर. दुकान कसं चालावं मंग?"

आणि हसला. त्याला खरंच वाटत होतं की मीही हसेन. मी लोटा तसाच ठेवून उठलो. रडून घेतलं ते सगळं याच्याजवळ, या विचारानं मला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी धावड्याला गेलो. झीलकरी शेतात आउत सोडून बसला होता. मी सगळं सांगितलं.

"मला ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "आपण तालीम करून राह्यलो तवा तो मागल्या दारात उभा व्हता."

"मंग बोलला का न्हाई?"

"तू विचारलं कुठं? एकदम चोरच म्हणला." आउताची दोरी गुंडाळत म्हणाला, "अन् सांगितलं असतं तर तुझं ते दुकान सुटलं असतं. तुझा जीव तिथंच रमायचा."

मला त्याचाही राग आला. कुणी मागितला होता हा उपकार? पण रागाला जागा सापडेना. मामानं एक ओळ विकली होती. मी तर माणूसच टाकला होता, तोही न विचारता.

त्यानं घरी नेऊन चहा पाजला. पोरांना पाया पडायला लावलं. बांधापर्यंत पोचवायला आला. मी म्हणालो, "येतो."

तो "ये" म्हणाला नाही. "बरं," म्हणाला, आणि बैलांकडं गेला.