शेडमधला हिरवा आकडा

समुद्रपूरच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमागे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यामागे, टिनाच्या खोलीत आम्ही राहायचो. हंगामात सगळीकडे रुई उडायची. पांघरुणावर, भाकरीवर, माझ्या पाटीवरसुद्धा. माय कापसाच्या गंजीवर बसून घाण वेचायची. बाबा गंज्या रचायचे आणि राखायचे.

कापसाची आग लवकर दिसत नाही. मशीनमधून उडालेली ठिणगी गंजीच्या पोटात जाऊन बसते, आतल्या आत धुमसत राहते, आणि वरून गंजी पांढरीशुभ्र. म्हणून बाबांकडे एक लांब लोखंडी सळई होती. ती गंजीत खुपसायची, जरा थांबायचं, ओढायची आणि गरम आहे का ते हाताने चाचपायची. मी शाळेत असताना एक गंजी अशीच आतून पेटली. वर बसलेल्या बायांना बाबांनी एकेक करून ओढून काढलं. बाया वाचल्या, पण बाबांचे दोन्ही तळहात भाजून गेले. त्यांना घासही मोडता येईना. माय भरवायची आणि ते भिंतीकडे तोंड करून खायचे. मग सळई ते मला धरायला लावत.

"तळहात नको लावू," म्हणायचे. "मनगटाच्या वर लाव. तिथली कातडी पातळ राह्यते."

पुढे मी वर्ध्याच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. नागपूरच्या एका लहानशा कंपनीत लागले. तिथे गंज्यांचं तापमान दाखवणारा प्रोग्राम तयार होता. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. गंजीत सेन्सर, शेडमध्ये तळहाताएवढा लिनक्सचा कॉम्प्युटर, मॅनेजरच्या खोलीत विंडोजचा, शिवाय त्यांच्या खिशात फोन. कोड एकच, पण प्रत्येक मशीनसाठी त्याचं वेगळं पॅकेज बांधावं लागतं. ते बांधण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिलं पॅकेज मी हट्टाने आमच्याच जिनिंगमध्ये बसवलं, कारण माय अजून तिथेच कामाला होती.

त्या दिवशी बाबा सळई काखेत धरून उभे होते. "आता हे कोठी ठेवू?"

मॅनेजर हसले. "काका, आता तिची आरती करा अन् रिटायर करा."

तेव्हापासून ती सळई शेडच्या दाराला आतून टेकू म्हणून लागली. गंज्या तपासणं बंद झालं. स्क्रीनवर चारही गंज्यांचे आकडे हिरवे असायचे.

पौषातल्या एका दुपारी मी फोनचं पॅकेज बसवायला गेले. तिसरी गंजी सकाळीच मशीनमध्ये गेली होती. तिची जागा रिकामी होती आणि सेन्सर शेडच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होता. मी सहज स्क्रीनकडे पाहिलं. तिसरी गंजी: एकतीस. थोड्या वेळाने बत्तीस. पुन्हा एकतीस.

गंजी नाही, आणि तिचं तापमान आहे.

मी सेन्सर काढला आणि मॅनेजरच्या हातातल्या वाफाळत्या चहात बुडवला.

"ओ मॅडम! चहा माहा आहे!"

आकडा बत्तीस झाला आणि एकतीसवर आला. बाहेर चौथ्या गंजीवर बाया बसल्या होत्या. त्यांच्यात माझी माय होती.

लॅपटॉप उघडून मी बिल्डची, म्हणजे पॅकेज बांधतानाची, नोंद वर वर सरकवत गेले. सगळं यशस्वी, यशस्वी, आणि मध्येच एक पिवळी ओळ: सेन्सरशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा तुकडा, सापडली नाही, नमुना आकडे वापरत आहे. ज्याने बिल्डची फाइल लिहिली, त्याने सेन्सर हाताशी नसताना स्क्रीन पाहता यावी म्हणून ही पळवाट ठेवली होती. माझ्या लॅपटॉपवर ती लायब्ररी होती, त्यामुळे त्यावर तपासताना खरे आकडे यायचे. शेडमधल्या छोट्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर वेगळा, त्याच्यासाठी ती नव्हती. बिल्ड थांबला नाही. खोटे आकडे आत भरून त्याने पॅकेज बांधून दिलं, आणि हंगाम सुरू झाल्यापासून जिनिंग त्या आकड्यांवर झोपलं होतं.

"साहेब, बायांना खाली उतरवा."

"काऊन? हिरवंच तर दिसून राह्यलं."

"ते हिरवं खोटं आहे. गंजीत काय आहे, कोणालेच माहीत नाई."

"गाड्या लागल्या आहेत रांगेत. कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्त करा न, काम काऊन बंद करता?"

मी गंजीकडे धावले. "माय, उतर!"

"पागल झाली का वं? मुकादम बोंबलन ना."

बाकीच्या बाया हसल्या. एकजण म्हणाली, "इंजिनीअर बाई आली, आता आपल्याले सुट्टी!"

मी दाराची सळई ओढून काढली आणि चौथ्या गंजीच्या पोटात अंगाचा भार देऊन खुपसली. थांबले. बाया हसायच्या थांबल्या. आत काय होत होतं, त्याचा आवाज नव्हता, वास नव्हता. सळई ओढली आणि मनगटाच्या वर टेकवली, तसा हात आपोआप मागे आला. लोखंडाला तपकिरी, करपलेली रुई चिकटली होती.

मॅनेजरांनी बोट लावलं आणि झटकलं. मग ते ओरडले, "उतरा! उतरा सगळ्या!"

पाण्याचे पाइप धरून माणसांनी गंजी कडेकडेने उकलली. पोटात बैलाएवढा काळा डाग होता. हवा लागली तशी त्याच्या कडा लाल झाल्या. पाणी पडलं आणि वाफेने आवार भरलं. माय माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात वेचलेला कचरा तसाच होता.

मी परत लॅपटॉपसमोर बसले. आधी बिल्डच्या फाइलमधली ती पळवाट खोडली: लायब्ररी नसेल तर बिल्ड तिथेच थांबला पाहिजे. तो थांबला, आणि लाल ओळ पाहून मला बरं वाटलं. छोट्या प्रोसेसरसाठीची लायब्ररी आणली, पॅकेज बांधलं, तर ते शेडमध्ये सुरूच होईना. नागपूरच्या ऑफिसातल्या ज्या मशीनवर मी पॅकेज बांधत होते तिथली लिनक्स नवी होती, शेडमधली जुनी, आणि नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नव्हतं. मग जुन्या लिनक्सची जशीच्या तशी नक्कल उभी केली, तिच्यात बिल्ड केला, लायब्ररी पॅकेजमध्येच घातली. त्यात आणखी काही दिवस गेले. तोवर गंज्यांत सळई फिरत होती. बाबा बाजूला उभे राहून सांगत आणि मुकादम मुकाट्याने खुपसत.

नवीन पॅकेज बसवलं तेव्हा मॅनेजरांनी स्वतःहून चहाचा ग्लास पुढे केला. "घ्या, बुडवा."

आकडा चढत गेला, पिवळा झाला, लाल झाला, आणि धोक्याचा भोंगा वाजला. बाबा घराच्या दारातून ओरडले, "वाजलं का वं?"

"वाजलं, बाबा."

ते पॅकेज आज शेडमध्ये, मॅनेजरच्या खोलीत आणि फोनवर चालतं. लायब्ररी नसली तर ते बांधलंच जात नाही. सळईही दारातून निघाली आणि गंज्यांजवळ उभी आहे. त्या दुपारी चौथ्या गंजीवरच्या सगळ्या बाया आपल्या पायांनी खाली उतरल्या. त्यांच्यात माझी माय होती.