मागच्या चाकाजवळचा एक ठोका

सुरुवात कबुलीनं करतो. व्हॅन घेतल्याच्या तिसऱ्याच दिवशी मी मंडईबाहेर चांगली पाच मिनिटं दुसऱ्याच्याच पांढऱ्या व्हॅनच्या दाराशी झटत होतो. किल्ली आत जात होती, पण फिरत नव्हती. मी दाराला गुडघा लावून पाहिला, हँडल वर ओढून पाहिलं, विकणाऱ्याच्या नावानं दोन शब्दही काढले. शेवटी काच खाली आली आणि आत बसलेल्या गृहस्थांनी अतिशय अदबीनं विचारलं, "साहेब, मी उतरू का?"

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणारच की या माणसाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. नव्हतंच! पण तेवढ्यानं उत्तर मिळत नाही... म्हणून तर लिहायला बसलोय.

मी सोलापुरात शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. भूत, बाधा, चकवा असलं काही वर्गात निघालं की मी "पुरावा काय?" एवढंच विचारतो आणि पोरं गप्प होतात. इथं लोक लिहितात ते असले अनुभवही मी आजवर जेवणानंतर बडीशेप चघळत, गंमत म्हणून वाचत आलो. आता माझ्याकडे एक गोष्ट आहे आणि पुरावा उलट बाजूचा आहे. म्हणजे काय, ते सांगतो.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. घरी मी, बायको सुनंदा आणि आई. आईचं वय पंच्याहत्तरच्या पुढं, गुडघे कामातून गेलेले. रिक्षात चढायचं म्हणजे एकानं पुढून ओढायचं, एकानं मागून लोटायचं. म्हणून ही जुनी व्हॅन घेतली – बाजूचं दार सरकतं, पायरी खाली आहे, आई एका हातानं सीट धरून बसू शकते. आधीचा मालक शाळेची मुलं न्यायचा. त्यामुळे त्या सरकत्या दाराला चाइल्ड लॉक लावलेलं, आतून उघडत नाही. ते काढायचं कुठून, हे विज्ञानाच्या मास्तरला सापडलं नव्हतं. शिवाय दार जड. आईनं ते स्वतः कधी लावलं नाही. एक तर सुनंदा लावायची, नाहीतर मी. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा. मी नेमकी तीच विसरलो.

गाडी घरात आली म्हटल्यावर आईनं लावून धरलं, "माझ्या म्हायेरच्या म्हसोबाला नेऊन आनल्याबिगर हिच्यात मी बसायची न्हाय."

"आई, मग तिथपर्यंत चालत जाणार का? बसूनच जावं लागेल की."

"ते बसनं येगळं."

आईचं माहेर नातेपुत्याच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत. रविवार गाठून सकाळी लवकर निघालो. शेवटची दोन-तीन किलोमीटर मुरमाचा रस्ता. गाडी पांढऱ्याची तांबूस झाली. म्हसोबा म्हणजे माळावर एक शेंदूर फासलेला दगड, शेजारी एक बाभूळ. बाकी सगळा उघडा माळ, माणूस लपायला आडोसा म्हणून नाही. उताराला तोंड करून मी गाडी उभी केली. येताना बाभळीच्या फांद्या घासत होत्या म्हणून डावीकडचा आरसा आत दुमडला होता. तो तसाच राहिला.

पूजा झाली. नारळ फोडला, चारी चाकांना हळदकुंकू लावलं, चारी चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं. गाडी पुढं घेऊन ती लिंबं चिरडायची, की झालं. दुसरा एक नारळ घरी न्यायला आईच्या पिशवीत होता. आईनं दारात उभं राहून पिशवी मागच्या सीटवर ठेवली, तिच्यावर शाल टाकली. एवढं मी पाहिलं आणि पुढं जाऊन बसलो. सुनंदा माझ्या शेजारी येऊन बसली, मांडीवर प्रसादाचं ताट. ऊन रणरणत होतं. घड्याळात अकरा चाळीस. मी गाडी चालू केली, सगळ्या काचा वर घेतल्या, एसी सोडला. जुना एसी, गार कमी, घोंघावतो जास्त.

मागं दार लागल्याचा आवाज आला – धाड्!

"आई बसल्या का?" सुनंदानं ताट सावरत विचारलं.

मी आतल्या आरशात पाहिलं. मागच्या सीटवर शाल दिसली.

"बसली, बसली," म्हणालो आणि फर्स्ट टाकला.

गाडी वीतभर पुढं सरकली असेल नसेल... तेवढ्यात डाव्या बाजूनं पत्र्यावर ठोका पडला. एक. तळहाताचा, भरदार.

तरुणपणी मी नोकरीच्या गावी वडापच्या जीपनं जायचो. आत पंधरा, मागं लोंबकळणारे पाच. ड्रायव्हरला मागचं काही दिसायचं नाही. लोंबकळणाराच पत्र्यावर हात मारायचा. दोन ठोके म्हणजे चल, एक म्हणजे थांब. इतकी वर्षं झाली, पण पायाला ते पाठ आहे. मी काही विचार केला नाही. एक ठोका ऐकला आणि पाय ब्रेकवर गेला.

"कोण आहे?" सुनंदा म्हणाली. म्हणजे तिनंही ऐकला.

मी मागं वळून पाहिलं. सीटवर पिशवी होती. तिच्यावर शाल होती. आई नव्हती.

हँडब्रेक ओढून उतरलो, वळसा घालून डाव्या बाजूला गेलो... ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. आई मागच्या चाकाशी गुडघ्यांवर पडलेली. पदराचं टोक सरकत्या दारात अडकून ताठ झालेलं, मान त्या बाजूला ओढलेली. आणि उजवा हात चाकापुढं. चाक आणि बोटं यांच्यामध्ये फक्त एक लिंबू होतं. ते दबलं होतं, फुटलं नव्हतं.

आधी हात काढला. मग दार बाहेरून उघडून पदर सोडवला. सुनंदानं पाणी पाजलं.

झालं होतं ते असं. मागच्या चाकापुढचं लिंबू घरंगळलं म्हणून आई ते नीट ठेवायला वाकली. पदराचं टोक आत सीटवर, पिशवीखाली राहिलेलं. गाडी उतारावर, दाराला उघडं धरून ठेवणारा खटका झिजलेला. दार आपोआप पुढं घसरलं आणि लागलं. त्या आवाजाला मी "आई बसली" समजलो. इथपर्यंत सगळं समजतं. एकूण एक चूक माझी, आणि विज्ञानाच्या नियमात बसणारी.

पुढचं बसत नाही.

पाणी पिऊन झाल्यावर पहिला प्रश्न आईनंच विचारला. "सुरेश, तू थांबलास कसा रे?"

"तू ठोका दिलास ना?"

"मी?" आईनं दोन्ही हात पुढं केले. "ह्यो चाकाखाली, आन् ह्या हातानं पदर ओढत हुते. ठोका कुटल्या हातानं देऊ?"

"मग कुणी दिला?"

"मला न्हाय ऐकू आला ठोका. माझं ध्यान चाकाकडं."

पत्र्यापासून आईचं डोकं हातभर लांब होतं. आत, बंद काचांत, एसीच्या घोंगाटात आम्हा दोघांना ऐकू गेलेला ठोका तिला ऐकू आला नाही!

बाभळीखाली एक मेंढरं राखणारा बसला होता. तो आता काठी टेकत जवळ आला. त्याला विचारलं.

"मी बगतच हुतो की," तो म्हणाला. "म्हातारी वाकली, दार लागलं. मी लई वरडलो, 'ओ, थांबा!' पर तुमच्या काचा वर. तुमाला ऐकू जातंय कुटं!"

"गाडीवर हात कुणी मारला?"

"कुनी न्हाय."

"कुणीतरी असेल ना, मागून आलेलं?"

"सायेब, उगड्या माळावर येनार कुटनं? म्हातारी हुती आन् गाडी हुती. दार आदळलं त्ये ऐकलं मी. दुसरा आवाज न्हाय. मला वाटलं तुमीच आरशात बगून थांबला."

मी दुमडलेल्या आरशाकडं पाहिलं.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. गाडीची डावी बाजू मुरमाच्या धुळीनं सारखी माखली होती. दाराच्या खालच्या भागात पदर घासल्याची एक रेघ होती. बाकी काही नाही. हाताचा ठसा म्हणून नाही. मी पत्र्यावर तळहात मारला – पाची बोटं उमटली. हळू मारला, तरी उमटली. सुनंदाला मारायला लावला, तिचीही उमटली. मग मी आत बसलो, काचा वर, एसी चालू, आणि तिला बाहेरून ठोकायला सांगितलं. ऐकू आलं, पण असं नाही. तो भरदार होता, हा लांबून आल्यासारखा.

"तुम्हाला तो कुठून ऐकू आला?" सुनंदानं विचारलं.

"मागच्या चाकाजवळून. तुला?"

"छे! माझ्या दारावर. अगदी कानाशी. दचकून ताट हललं ना माझं!"

म्हणजे एकाच ठोक्याच्या जागा दोन. मी आणखी गोंधळलो. मग डोक्यात आलं की पिशवीतला नारळ घरंगळून आतून पत्र्यावर आपटला असेल. नारळ पिशवीत घालून आतून आपटला. ढब्! तो आवाज नव्हे. बाहेरून आपटून पाहिला. तोही नव्हे, वर पोचा पडला.

मेंढरंवाला बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "सायेब, गाडीनं थांबून उपकार केलं तुमच्यावर, आन् तुमी तिलाच मारताय व्हय?"

आई हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. त्याबद्दल त्या माणसाचा मी आजन्म ऋणी आहे.

परतीच्या रस्त्यावर मी आईला विचारलं, म्हसोबा असेल का? मला वाटलं ती लगेच हात जोडेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "द्येवाला काय तुज्या मागं मागं फिरायचा उद्योग हाय व्हय? मला न्हाय म्हाईत. ईचारू नगंस."

मंगळवारी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि मला हायसं वाटेल असं उत्तर दिलं. दारात कापड अडकलं तर लॉक अर्धवट बसतं, गाडी हलली की दार एकदा ठोकतं. मी खूश! लगेच दारात टॉवेल अडकवून, उतार शोधून आम्ही करून पाहिलं. दहा-बारा वेळा. लॉक दर वेळी घट्ट बसलं, आवाज एकदाही आला नाही. मिस्त्रीनं गाडीखाली जाऊन सायलेन्सर हलवला, त्याच्या पट्ट्या पाहिल्या, आणि हात पुसत बाहेर आला.

"नाही येत, सर. पण ते ठोक्याचं राहू द्या, आधी दाराचा खटका बदला. उतारावर कुणाचीही बोटं तोडेल हे दार."

खटका बदलला. चाइल्ड लॉकही त्यानं दाखवलं – दाराच्या कडेला, नखाएवढी खिट्टी. आता आई मागं बसताना मी ती सोडून ठेवतो. निघण्यापूर्वी गाडीला पूर्ण फेरी मारतो, दोन्ही आरसे उघडून लावतो, दार ओढून बघतो, आई बसली की तिच्या तोंडून "बसले" ऐकतो आणि मगच काच वर घेतो. कॉलनीतले लोक म्हणतात, सर रोज सकाळी गाडीला प्रदक्षिणा घालतात. म्हणू देत.

पण त्या ठोक्याचं काय? वाकलेल्या आईला आणि पाहणाऱ्या माणसाला जो ऐकू आला नाही, धुळीवर ज्याचा डाग नाही, तो आम्हा दोघांना आणि तेही दोन वेगळ्या ठिकाणी ऐकू आला. भास म्हणावा तर दोघांना एकाच क्षणी कसा? नुसत्या भासावर गाडी थांबली म्हणावं, तर... थांबली नसती तर काय झालं असतं, या विचारापाशी माझं विज्ञान बंद पडतं. कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. मला अजून काही सुचलेलं नाही.

हे सगळं मी त्या आठवड्यात सुनंदापुढं इतक्या वेळा उगाळलं की एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ठोका कुणी दिला ते तुम्हाला आयुष्यभर कळलं नाही तरी मला चालेल. मी विचारलं होतं, आई बसल्या का. तुम्ही मागं वळून न बघता 'बसली' म्हणालात. ते कसं म्हणालात, तेवढं मला समजावून सांगा."