मागचे दोन टायर

दुकानासमोर गाडी येऊन थांबली की लांजेवार काका मालकाकडे आधी बघायचेच नाहीत. हातातलं काम खाली ठेवायचे, पँट गुडघ्यांपाशी जरा वर ओढून चाकापुढे उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि टायरवरून तळहात फिरवायचे. एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. मग मान वर करून विचारायचे, "गाडी डाव्या अंगाले ओढते का जी?" मालक बिचारा चकित होऊन हो म्हणायचा. काका हसायचे नाहीत. "टायर खोटं नाही बोलत," एवढंच म्हणायचे, "मानूस बोलते."

खुर्सीपारला मोठ्या रस्त्याच्या कडेला त्यांचं दुकान होतं. एक खोली, वर पत्रे, समोर हवा भरायचं मशीन. मूळचे ते भंडाऱ्याकडचे. ऐन तरुणपणी भिलाईला आले आणि स्टील प्लांटच्या गॅरेजात डंपरचे टायर बदलण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माणसाच्या उंचीचे ते टायर हाताळून त्यांचे खांदे एकाच बाजूला कलले होते. निवृत्तीनंतर टाउनशिपमधलं क्वार्टर सोडलं आणि दुकान टाकलं. आमच्याशी त्यांची ओळख मराठीमुळे झाली. माझे सासरे दुर्गला रेल्वेत गार्ड होते. त्यांची स्कूटर काकांकडे जायची, पुढे माझ्या नवऱ्याची, प्रशांतची मोटरसायकल जाऊ लागली. प्रशांत बाहेर सगळीकडे हिंदी बोलायचा. काकांच्या दुकानात पाय ठेवला की अर्धा मराठीत यायचा.

काकांचा एक नियम होता. सल्ला एकदाच द्यायचा. एक ठेकेदार चारही टायर बदलायला आला होता, तेव्हा मी तिथेच होते. काका म्हणाले, "पुढचे दोन अजून सालभर चालतात." ठेकेदार म्हणाला, सब नया डालो. काकांनी हूं की चूं न करता चारही नवे घातले आणि पुढचे दोन जुने नीट पुसून त्याच्या डिकीत ठेवून दिले. तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, आणखी एकदा सांगायचं ना." ते म्हणाले, "येक डाव सांगतलं का तो सल्ला होते, बाई. दुसऱ्या डाव सांगतलं का लोकाईले वाटते, ह्याचा काहीतरी मतलब हाय."

मला हे वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. मी शाळेत शिकवते. पुन्हा पुन्हा तेच सांगून घसा बसलेल्या बाईला असा माणूस मोठाच वाटणार.

प्रशांतला गाड्यांचं वेड होतं. प्लांटच्या रोलिंग मिलमधली ड्यूटी संपवून घरी आला की जेवताना मोबाइलवर गाड्याच बघायचा. चाळिशी आली तेव्हा त्याने रायपूरहून एक जुनी स्पोर्ट्स सेडान घेतली. निळी, जमिनीला टेकलेली, मागच्या चाकांवर पळणारी. रुआबांध्याच्या आमच्या गल्लीत ती उभी राहिली तेव्हा शेजारीपाजारी बघायला आले. टायर मात्र पार संपले होते. पहिल्याच रविवारी आम्ही दोघं ती काकांकडे घेऊन गेलो.

काकांनी चारही चाकांवरून हात फिरवला. मग उठून म्हणाले, "ह्या रिमले दोन्ही बसतात. चारही सारख्या रुंदीचे घ्या, नाहीतं मागचे रुंद घ्या. मागचे रुंद घेतले तं गाडी जोरात निंगते, वळनावर मागून घट्ट धरते. पन मंग मागचे पुढं, पुढचे मागं करता येत नाही. मागचे लवकर गुळगुळीत होतात. आनं रुंद टायर गुळगुळीत झाला का पान्यावर तरंगते. चारही सारखे असले तं आलटूनपालटून बरोबर झिजतात. माझं मत इचाराल तं सारखे घ्या."

"स्पोर्ट्स गाडी है काका, बैलगाडी थोडी है," प्रशांत हसत म्हणाला. पण तो अडखळला होता, ते मला दिसत होतं. काकांचा शब्द तो सहसा मोडत नसे. तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, मान तिरकी करून बघितलं आणि माझ्याकडे वळला. "तू सांग. कसं करायचं?"

मला टायरमधलं काय कळतं? मी मागून गाडीकडे बघितलं आणि म्हटलं, "मागून जाडच छान दिसतील."

"झालं तर मग. घरच्या मालकिणीचा हुकूम," प्रशांत म्हणाला.

काकांनी मागचे रुंद टायर मागवून बसवले. जीव ओतून बसवले. दर नटला दोनदा पाना लावला. निघताना म्हणाले, "मागचे दर तीन महिन्यानं दाखवून जात जा." प्रशांत सुरुवातीला जायचा. दीड वर्षाने, पावसाळा तोंडावर असताना, काकांनी मागच्या टायरवर हात ठेवून सांगितलं, "आता हे पान्यात नको. बदला." त्या मापाचे टायर भिलाईत मिळत नव्हते, मागवावे लागणार होते. प्रशांतने घरी येऊन मला सांगितलंही. "पुढच्या महिन्यात बघतो," म्हणाला. मीही बरं म्हटलं.

श्रावणात एका दुपारी तो राजनांदगावहून एकटा परत येत होता. धो धो पाऊस होता. रस्त्याला साचलेल्या पाण्यात गाडी मागून फिरली आणि दुभाजकावर गेली. कोणी म्हणालं वेग होता, कोणी म्हणालं समोर गुरं आली. खरं काय ते सांगायला तो राहिला नाही.

तेरावं झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली आणि खुर्सीपारला गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. काका दुकान उघडत होते. मला बघून त्यांनी शटर अर्धंच ठेवलं आणि हात जोडले. ते तेराव्याला येऊन गेले होते, मागे भिंतीशी बसले होते. मी म्हटलं, "काका, तुमाले माहीत होतं. मंग दुसऱ्यांदा कावून नाही सांगतलं?"

त्यांचे हात जोडलेलेच होते.

"तुमचा नियम मोठा होता. माझा मानूस लहान होता," मी म्हटलं आणि स्कूटी वळवली. गल्लीतली दोन-चार माणसं ऐकत उभी होती. घरी येऊन सासूबाईंना मी सांगितलं की काकांना जाब विचारून आले. त्या म्हणाल्या, "बरं केलं. त्या टायरवाल्यानंच माझं पोरगं खाल्लं." मी त्यांना थांबवलं नाही. पुढे जो कोणी भेटायला येई त्याला त्या हेच सांगत, आणि मी शेजारी बसून ऐकत असे. टायर घेताना दुकानात मी काय म्हटलं होतं, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या रस्त्याने गेले नाही. मरोद्याची माझी शाळा सुटली की दुसऱ्या वाटेने घरी यायचे. एका संध्याकाळी लांजेवार काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. सासूबाई भजनाला गेल्या होत्या. काकू घरात यायला तयार होईनात, पायरीवरच बसल्या.

"बाई, येक डाव येऊन सांगा त्याईले," त्या म्हणाल्या. "माझं आयकत नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. काका आता एकदा सांगून थांबत नव्हते. दोनदा, तीनदा, दहादा सांगायचे. गिऱ्हाइकाच्या गाडीमागे रस्त्यापर्यंत धावायचे. मागचे रुंद टायर कोणी मागितले तर त्याच्या गाडीच्या चाव्या काढून खिशात टाकायचे आणि द्यायचेच नाहीत. भांडणं व्हायची. गिऱ्हाईक तुटलं. मुलाने शेवटी त्यांना दुकानात बसू देणं बंद केलं. तेव्हापासून ते सुपेल्याच्या बाजारात जायचे आणि लोकांच्या उभ्या गाड्यांपुढे उकिडवे बसून टायर चाचपायचे. गुळगुळीत दिसला की मालक येईपर्यंत तिथेच बसून राहायचे. परवा एका माणसाने चोर समजून त्यांच्या कानाखाली वाजवली होती.

"गाल सुजला होता," काकू म्हणाल्या. "मी इचारलं, मार खाऊनबी कावून जाता? तं म्हनते, त्यानं मारलं पन टायर पाह्यला नं त्यानं, वाकून पाह्यला."

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं नाव नाही काढत ते कधी. पन मले माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन मी गेले. काका घराच्या अंगणात खाटेवर बसले होते. फार वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं. मग मी खाली पायरीवर बसले आणि सगळं बोलून टाकलं. टायर मी निवडले होते. छान दिसतील असं मी म्हटलं होतं. बदलायला सांगितले तेही मला ठाऊक होतं. आणि मी सगळं त्यांच्या अंगावर टाकून निघून गेले होते.

काकांनी स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. मग म्हणाले, "मले माहीत हाय, बाई. मी तिथंच तं उभा होतो."

मी विचारलं, "मंग त्या दिवशी तुमी बोलले कावून नाही?"

"तुमी उभ्या होत्या पांढऱ्याफटक," ते म्हणाले. "तेवढं येक तुमच्याजवळ होतं, का माझ्यामुळं झालं. तेबी काढून घेऊ का?"

मी रडत होते. ते पुढे म्हणाले, "आनं खोटं नव्हतं ना ते. मी दुसऱ्यांदा सांगतलं नव्हतंच."

मी त्यांना म्हटलं, सासूबाईंनाही सांगते, सगळ्यांना सांगते. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. माझ्या सांगण्याने त्यांना हलकं वाटलं असेल असं मला वाटून घ्यायचं होतं. पण काकूंनी फोनवर सांगितलं, ते अजून बाजारात जातातच. आणि मीही सासूबाईंना सांगितलं नाही. आज सांगू, दिवाळी होऊ दे मग सांगू, त्यांचं ब्लडप्रेशर उतरू दे मग सांगू. अशी थंडी गेली. उन्हाळ्यात काका बाजारातच चक्कर येऊन पडले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले.

निरोप आला तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं. "गेला का?" त्या म्हणाल्या, "देव पाहते सारं."

मी त्यांच्यासमोर बसले आणि ताट बाजूला सरकवलं. "आई, टायर मी सांगितले होते," मी म्हटलं. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं. त्यांनी एकदाही मला थांबवलं नाही. सांगून झाल्यावर त्या उठल्या, देवघरात गेल्या, दार लोटून घेतलं. संध्याकाळी बाहेर आल्या त्या लुगडं बदलून. "ऑटो बोलाव," म्हणाल्या, "खुर्सीपारले जाऊन येऊ."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासूबाई त्यांच्याजवळ जमिनीवरच बसल्या, त्यांना गुडघ्यांचा त्रास असूनही. "बाई, मी तुमच्या मानसाले चार वर्सं लई वाईट बोलली," त्या म्हणाल्या. "तो आयकून घेत गेला. मले माफ करा, असं कोन्या तोंडानं म्हनू?"

काकूंनी सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. सासूबाईंनी तो गिलास दोन्ही हातांनी घेतला आणि संपवला. थोड्या वेळाने काकू खुंटीवरच्या खाकी शर्टाकडे बघत म्हणाल्या, "त्याचा रबराचा वास नाही जात. पोरगं म्हनते, धुवून देऊन टाक कोनाले. माझ्याच्यानं नाही होत."

"नका धुवू," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पेटीतबी परशांतचा एक शर्ट तसाच हाय."

चार वर्षं आम्ही दोघी एका घरात राहत होतो. त्या शर्टाबद्दल मला त्या दिवशी कळलं.