काचेआडची कोजागिरी

रहाटणीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक वेल्डर रोज संध्याकाळी जुना कॅमकॉर्डर घेऊन यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वेल्डिंगच्या हेल्मेटमधली काळी काच रबरबँडनं भिंगावर बसवून तो मावळता सूर्य टिपायचा, आणि चंद्र असला की काच काढून तोही. त्याची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तिला तो हे सगळं टीव्हीवर दाखवायचा.

कोजागिरीला त्याला अचानक चाकणला ओव्हरटाइम लागला. सूर्य टिपून झाल्यावर त्यानं कॅमेरा माझ्याकडे सोपवला.

"सर, चंद्राला काच काढा बरं का. सकाळपासून वाट बघतीय ती."

एवढं सांगून तो कंपनीच्या बसकडे पळाला.

चंद्र उगवला. कॅमेरा स्टँडवर लावून, हात मागे बांधून मी बोलायला लागलो. भरती-ओहोटी, ग्रहणं, विवरं असं वीस मिनिटं चाललं. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला नुसतं गप्प उभं राहणं जमत नाही. काच भिंगावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला.

"पडदा काळाच राहिला, सर," तो म्हणाला, जणू चूक त्याचीच होती. "पण आवाज चांगला आलाय. तिनं शेवटपर्यंत ऐकलं."

"काय म्हणाल्या?" मी आशेनं विचारलं.

"म्हणली, सरांना लई माहिती हाय. पण चंद्र दिसतोय कसा, तेवढं सांगितलंच न्हाई."

निदान आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि मला काहीच आठवेना.